परातीतलं बेट

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. परातीने उठून आपलं आयुष्य सांगावं असं तिच्या बाबतीत काय घडणार, असं तुमच्या मनात आलं असेल. तुमचं बरोबर आहे. पण ज्यांच्या आयुष्यात माझ्याहूनही कमी घडलं, अशा थोर माणसांची जाडजूड आत्मचरित्रं मी कपाटाच्या पायाखाली टेकू म्हणून लावलेली पाहिली आहेत. तेव्हा थोडा वेळ मलाही द्या.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. जन्मताना बाळ रडतं म्हणतात. मला ठोकून ठोकूनच जन्माला घातलं, त्यामुळे माझं रडणं कुणाला वेगळं ऐकू आलं नाही. तांबट मात्र स्वभावाने मऊ होता. हातोडीचा एकेक ठोका तो असा मारायचा, की पितळेच्या पत्र्याची समजूत काढतोय असं वाटावं. काठ वळवून झाल्यावर त्याने मला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "हिला आवाज आहे." आयुष्यातलं हे माझं पहिलं कौतुक. दुसरं व्हायला बराच काळ गेला.

मला बंदरावरच्या एका बेकरीवाल्याने विकत घेतलं. आमचं राज्य म्हणजे एक बेट. त्यामुळे बंदर मोठं, बंदरावर भुकेले लोक पुष्कळ आणि माझ्या नशिबी कणीक पुष्कळ. पहाटेपासून दोन मजबूत हात माझ्यात कणीक तिंबत. मी कधी "आज जरा बरं वाटत नाही" असं म्हटलं नाही. मग एक दिवस बेकरीत कणीक तिंबायचं यंत्र आलं. ते एवढा आवाज करायचं की कामही तेच करतं आणि कौतुकही तेच करून घेतं, असं मला वाटे. मला मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पालथं घातलं. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. पालथ्या परातीवर चार पावसाळे कसे जातात, त्यावर मात्र कुणी म्हण केली नाही.

बेकरीवाल्याची मुलगी लग्न होऊन निघाली, तेव्हा तिने नव्या भांड्यांचा संच बाजूला सारला. "मला ती पिंपावरची द्या," ती म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील? जुनं भांडं दिलं म्हणतील," बेकरीवाला म्हणाला.

"लोकांना कणीक मळायची आहे का?" ती म्हणाली.

हे माझं दुसरं कौतुक.

तिचा नवरा पंपावर मिस्त्री होता. बेटाच्या अगदी मधोमध, डोंगरात, एक पंपघर आहे. तिथून साऱ्या बेटाला पाणी जातं. पंपघराला लागून दोन खोल्यांचं घर, आणि त्या घरात आम्ही. पंप दिवसरात्र धडधडायचा, म्हणून घरातली सगळी माणसं ओरडून बोलायची. पाहुण्यांना वाटायचं, भांडण चाललंय. प्रत्यक्षात कुणीतरी कुणाला "चहा घेतोस का?" विचारत असे.

या घरात तीन मुलं झाली. थोरली, मधला आणि शेंडेफळ. त्यांची पाळण्यातली नावं वेगळी आहेत, पण ती फक्त पाहुण्यांसमोर वापरतात. शाळा खाली समुद्रकिनाऱ्याच्या गावात होती आणि तिथे जायचं म्हणजे वसतिगृहात राहायचं. आईने, म्हणजे आमच्या बेकरीवाल्याच्या मुलीने, शिक्षण खात्याकडून मुलांना घरी शिकवायची परवानगी काढली. अट एकच होती. दर वर्षी खात्याच्या तपासनीस बाई येणार, मुलांची तोंडी परीक्षा घेणार. मुलं नापास झाली तर परवानगी रद्द आणि तिघांची रवानगी वसतिगृहात.

गणित आणि भाषा बरी चालली. अडलं ते 'आपले बेट : इतिहास व संस्कृती' या विषयावर. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग." आईने ते दोनदा वाचून दाखवलं. ती तेव्हा माझ्यात कणीक मळत होती.

शेंडेफळाने खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर डोंगर, डोंगरामागे डोंगर आणि पाण्याचे नळ. "आई, पाणी कुठाय?"

"चारही बाजूंना आहे, बाळा."

"मला तर नळातच दिसतं."

बेटावर जन्म घेऊन मुलीला समुद्र माहीत नाही, हे आईच्या मनाला लागलं. तिचे दोन्ही हात कणकेत होते. तिने मधल्याला तांब्या आणायला सांगितला. कणकेचा गोळा माझ्या मधोमध ठेवला, त्याला बोटांनी डोंगर काढला, किनारे काढले आणि सभोवती पाणी ओतलं. "हं. आता दिसलं?"

तिघंही गप्प झाली. पंप चालू असताना गप्प होणं ही त्या घरात मोठी घटना होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज इतिहास घडू लागला. अक्रोडाची टरफलं ही जहाजं. लवंगा हे खलाशी. परका गव्हर्नर म्हणून लसणाची कुडी उभी केली होती. दिसायला ती तशी रुबाबदार, पण जवळ गेलं की वास यायचा. काड्यापेटीतली काडी हे दीपगृह. धडा संपला की आई गव्हर्नरला सोलून ठेवायची, समुद्र निथळायची, बेटात थोडं कोरडं पीठ घालून पुन्हा मळायची आणि त्याचे पाव भाजायची. इतिहास नुसता पाठ करून उपयोग नाही, तो पचला पाहिजे, असं मोठे लोक सांगतात. आमच्या घरी तो जेवणाच्या वेळेपर्यंत पचलेला असे.

मुलांच्या बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. स्वयंपाकघर लहान, स्टुलं तीनच. थोरली बेटाच्या पश्चिमेला, मधला उत्तरेला, शेंडेफळ पूर्वेला. दक्षिणेला पिठाचा डबा होता, तिथे आई उभी राहायची. आई प्रश्न विचारायची आणि उत्तर लगेच यायचं. कधी या बाजूने, कधी त्या बाजूने, पण यायचंच. आई खूश. मीही खूश. बाबा दारातून डोकवायचे आणि विचारायचे, "स्वातंत्र्य मिळालं का? पोटात कावळे ओरडतायत."

असं वर्ष गेलं आणि तपासनीस बाई आल्या.

डोंगरात येणारा एकच टेंपो होता. त्यातून नळाचे तुकडे, बटाटे आणि तपासनीस बाई असा माल उतरला. बाई उंच होत्या, चष्म्याच्या दोरीला सतत हात लावायच्या. टेंपो वरच्या टाकीपर्यंत जाऊन परत येईल तेवढाच त्यांना वेळ होता.

"एकेकाला बाहेरच्या खोलीत पाठवा," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी आत थांबायचं. नियम आहे."

आईने मान डोलावली. ती ओट्यापाशी माझ्याशेजारी उभी राहिली आणि भिंतीकडे कान लावला. खरं तर त्याची गरज नव्हती. आमची मुलं पंपाच्या आवाजावर मात करून बोलायला शिकलेली.

थोरली आधी गेली. व्यापारी कुठून आले, कोणतं लाकूड न्यायचे, जकातघर कसं बांधलं, वल्ही मारताना कोणतं गाणं म्हणायचे, सगळं तिने धडाधड सांगितलं. बाईंच्या आवाजात साखर आली.

"छान! आपल्या बेटावरची घरं कशी बांधतात?"

"समुद्राकडे तोंड करून. जहाज आलेलं आधी दिसावं म्हणून."

"बरोबर. आता पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या वादळाबद्दल सांग."



"ती बाजू माझी नाही, बाई," थोरली म्हणाली.

"म्हणजे काय?"

"ती शेंडेफळाची आहे."

मग मधला गेला. उत्तरेच्या खडकावर फुटलेलं जहाज, वाचलेले खलाशी, ते इथेच राहिले, त्यांनी दीपगृह बांधलं, त्यांचे शब्द आपल्या भाषेत कसे मिसळले. त्याला सगळं येत होतं. व्यापाऱ्यांबद्दल विचारल्यावर तो गोड हसून म्हणाला, "ते ताईला विचारा ना. ती सांगेल."

शेवटी शेंडेफळ. तिने वादळ एवढं रंगवून सांगितलं की बाईंनी खुर्ची मागे सरकवली. वादळानंतर पूर्वेची गावं टेकडीवर चढली, असंही तिने सांगितलं.

"आणि घरं कशी बांधतात?"

"समुद्राकडे पाठ करून!"

"तुझी ताई तर म्हणाली, तोंड करून."

"तिची असतील तशी."

"बरं. पश्चिमेला काय झालं?"

शेंडेफळाने विचार केला. "मला दिसत नाही, बाई. मध्ये डोंगर येतो."

मित्रांनो, भांड्याला घाम फुटत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर थंड पाणी ओतून बघा. मला त्या वेळी पाण्याशिवाय फुटला. कारण तो डोंगर माझ्या मधोमध रोज मीच धरून बसायचे. कणकेचा तो सुळका आई मोठ्या हौसेने उंच करायची. त्याच्या आड काय चाललंय ते समोरच्याला दिसतच नव्हतं. ज्याच्या पुढ्यात जो किनारा, तेवढा त्याचा पक्का. बाकीचं भावंडांवर सोडलेलं. उत्तर कुठून तरी येतंच होतं, मग कुणाच्या लक्षात कसं येणार?

"आणि दक्षिणेला?" बाईंनी शेवटचं विचारलं.

"तिथे काही झालं नाही," शेंडेफळ म्हणाली. "तिथे आई उभी राहते."

बाई आत आल्या. "तुमच्या मुलांना येत नाही असं मी म्हणणार नाही," त्या आईला म्हणाल्या. "पण त्यांनी बेट वाटून घेतलंय. तिघांचं मिळून पाऊण बेट होतं. मी पास कुणाला करू?"

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "असं कसं होईल, बाई? रोज तर सगळं अचूक सांगतात."

"सगळे मिळून सांगतात."

बाबा दारात उभे होते. हात पुसत म्हणाले, "मी म्हणतच होतो, डोंगर जरा बुटका कर."

"तुम्ही काय म्हणत होतात? 'भूक लागली' एवढंच म्हणत होतात!"

थोरली एकदम रडायला लागली. "मी वसतिगृहात जाणार नाही. आम्ही तिघं एका खोलीत नसतो तिथे. मी विचारलंय." मधल्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तोही रडू लागला. शेंडेफळाला अजून कळलं नव्हतं, पण मागे राहायला नको म्हणून तिनेही सूर लावला.

आईने मात्र डोळ्यांना पदर लावला नाही. तिने मला ओट्यावरून उचललं, टेबलावर ठेवलं आणि पीठ काढलं. "बाई, टेंपो यायला वेळ आहे. आम्ही कसं शिकतो ते एकदा बघून घ्या. मग काय ते ठरवा."

"नियमात परातीचा उल्लेख नाही," बाई म्हणाल्या.

"परातीला मनाईपण नसेल," बाबा म्हणाले. आयुष्यभर पंपाची नियमपुस्तिका वाचलेला माणूस तो.

आईने बेट घडवलं. पाणी ओतलं. अक्रोडं, लवंगा आणि गव्हर्नर जागच्या जागी गेले. मुलं डोळे पुसत आपापल्या स्टुलावर बसली. बाईंना उभं राहायला जागा उरली ती दक्षिणेलाच, पिठाच्या डब्यापाशी. त्यांनी समोर पाहिलं. त्यांच्या पुढ्यातला किनारा सपाट, नुसता अंगठ्याने दाबलेला होता.

"इथे काय आहे?"

"दक्षिणेला विशेष काही घडलं नाही," आई म्हणाली. "पुस्तकात दोनच ओळी आहेत."

"विशेष काही घडलं नाही?"

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. बाह्या वर केल्या. आणि माझ्यात हात घातला. "माझी आई दक्षिणेची. शिडं शिवायची. साऱ्या बेटाची शिडं तिथेच शिवली जायची, कळलं? तिथल्या शेडमध्ये बायका जमिनीवर ओळीने बसायच्या, मांडीवर एकच शीड सगळ्यांच्या. गाणं एकीने म्हणायचं आणि टाका सगळ्यांनी एकदम घालायचा." बोलता बोलता बाईंनी कणकेच्या लांबट शेड केल्या, त्यात तीळ पेरले. "या बायका. आणि हा जो लसूण उभा केलाय ना तुम्ही, त्याने हुकूम काढला की गाणं बंद करा, कामात लक्ष लागत नाही."

"मग?" मधला स्टुलावरून अर्धा उठला होता.

"मग काय! बायका म्हणाल्या, बरं. गाणं बंद केलं. सुयाही खाली ठेवल्या. गाण्याशिवाय टाका एकदम पडत नाही, आम्ही काय करणार?"

"पण त्या वर्षी माझं वादळ आलं होतं!" शेंडेफळ ओरडली. "सगळ्यांची शिडं फाटली होती!"

"फाटलीच होती. शिवणार कोण?"

थोरलीचं रडणं कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही. "म्हणजे माझ्या व्यापाऱ्यांची जहाजं म्हणून बंदरातच अडकली? मला वाटायचं, ते लोक आळशी होते."

"गव्हर्नरचं जहाजपण?" मधल्याने विचारलं.

"ते सगळ्यात आधी. त्याला पत्रसुद्धा पाठवता येईना. शेवटी तो शेडमध्ये आला आणि बायकांना म्हणाला, गा. बायका म्हणाल्या, आता आम्ही सांगू तेव्हा. आपलं राज्य स्वतंत्र झालं, त्याची सुरुवात तिथे झाली." बाईंनी लसूण उचलला आणि माझ्या काठावर ठेवला. "विशेष काही घडलं नाही म्हणे!"

आता कुणी स्टुलावर नव्हतं. तिन्ही मुलं दक्षिणेला बाईंना खेटून उभी होती. तिथून मधल्याला पूर्व किनारा दिसला, शेंडेफळाला पश्चिम. "ताई, तुझ्याकडे केवढी घरं आहेत गं!" ती म्हणाली. मग एकच गलका झाला. तुझे खलाशी इकडे का आले नाहीत, माझी गावं वर चढली तेव्हा तुझे व्यापारी काय करत होते, घरांची तोंडं कुठे, पाठी कुठे. बाई मध्येच प्रश्न टाकत होत्या. कधी बरोबर उत्तर येई, कधी भलतंच. थोरलीने वादळ सांगताना ते पश्चिमेहून आणलं, तर शेंडेफळाने तिला चिमटा काढला.

बाहेर टेंपोचा भोंगा वाजला. बाईंनी हात धुतले, घड्याळ बांधलं आणि पुन्हा उंच झाल्या.

"आज मी तुम्हाला पास करत नाही," त्या म्हणाल्या. आईने माझा काठ धरला. "नापासही करत नाही. तपासणी पुरी झालेली नाही, असं मी कळवते. ते खरंही आहे. सुगीनंतर पुन्हा येईन. तेव्हा एकेकाने सगळं बेट सांगायचं, आणि कुणी कुठे बसायचं ते मी ठरवणार. तोवर मुलं इथेच राहतील."

त्यानंतरचे महिने फार धामधुमीचे गेले. आई रोज मला पाव फेरा फिरवायची. मुलं तिथेच, बेट मात्र पुढे सरकायचं. सुरुवातीला मुलांना ते अजिबात आवडलं नाही. शेंडेफळ वादळ सोडायला तयार नव्हती. "तो नीट सांगत नाही," ती रडायची. "तो गावं वर चढवायला विसरतो. माणसं बुडतात!" मग मधला निमूटपणे गावं वर चढवू लागला, आणि थोड्याच दिवसांत तिच्याहून एक घर जास्त चढवू लागला. दक्षिणेची शिडं तर सगळ्यांनाच हवी असायची. बाबासुद्धा एकदा पंपाचा पान्हा बाजूला ठेवून स्टुलावर बसले आणि उत्तरेचं जहाज इतक्या जोरात फोडलं की समुद्र जमिनीवर गेला. "अपघात झाला तर असाच होतो," ते म्हणाले. आईने त्यांच्या हातात पुसायचं फडकं दिलं.

बाई आल्या. या वेळी त्या बटाट्यांच्या आधी उतरल्या. पुन्हा बाहेरची खोली, पुन्हा एकेकाला हाक. आई माझ्याशेजारी उभी. थोरलीने सगळं बेट सांगितलं. मधल्यानेही सांगितलं. शेंडेफळ शेवटी गेली. पश्चिम झाली, उत्तर झाली, पूर्व तर झालीच. मग बाईंनी विचारलं, "मला एवढंच सांग. घरांची तोंडं समुद्राकडे, की पाठ समुद्राकडे?"

आईने कान भिंतीला टेकवला.

"ते कुठे राहता त्यावर आहे," शेंडेफळ म्हणाली. "ज्यांच्याकडे समुद्रातून माणसं आली ते तोंड करतात. ज्यांच्याकडे समुद्रच आला ते पाठ करतात."

खुर्ची सरकली. बाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "परवानगी कायम. आणि मुलीला हे कुणी शिकवलं?"

"शिकवलं नाही, बाई. भांडता भांडता आलं तिला," आई म्हणाली, आणि मग मात्र तिने डोळ्यांना पदर लावला.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. थोरली पुढे शिकायला आपल्या पायांनी आणि हसत किनाऱ्याच्या गावी गेली. पहिल्या सुट्टीत घरी आल्यावर भावंडांनी विचारलं, खरा समुद्र कसा असतो? ती म्हणाली, "मोठा असतो. पण पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही."

माझा काठ आता एका जागी पातळ झाला आहे. कणीक मात्र मी अजून मळून घेते. माझी तक्रार नाही. फक्त तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्या ऐका. घरात सगळे मिळून एखादी गोष्ट शिकत असाल, तर अधूनमधून उठून समोरच्याच्या जागेवर जाऊन बसा. तो तुम्हाला बसू देणार नाही; तरी बसा. आणि काम झाल्यावर भांडं लगेच धुऊन ठेवा. कणीक ओली आहे तोवर बोटाने निघते. एकदा वाळली की लोक सुरी घेऊन येतात, आणि ओरखडे आम्हाला पडतात.